‘टीकप’ पॉमेरेनियन घ्यावा का? लहान केलेल्या कुत्र्यांबद्दल एका पशुवैद्याचं सविस्तर उत्तर

तुम्ही विचारलंय ते असं: ठाण्यात सातव्या मजल्यावर फ्लॅट, मुलं सहा आणि नऊ वर्षांची, दिवसा घरी सासूबाई. एका विक्रेत्याने ‘टीकप पॉम’, म्हणजे चहाच्या कपात मावेल म्हणून विकला जाणारा इवलासा पॉमेरेनियन, दाखवलाय आणि मोठा झाल्यावर सव्वा किलोच्या वर जाणार नाही अशी हमी दिली आहे. दुसऱ्याकडे ‘मिनी हस्की’ आहे. ओळखीच्या एका डॉक्टरांनी दोन्हीला नाही म्हटलं. तुमच्या दिरांना ते पटत नाही. पूडल, डॅशंड, श्नाउझर यांचे छोटे प्रकार शंभर वर्षांपासून आहेत, त्यांना कोणी नावं ठेवत नाही, मग याच पिल्लांनी काय घोडं मारलंय, असं त्यांचं म्हणणं.

आधी उत्तर देते, कारणं नंतर. टीकप घेऊ नका. ‘मिनी हस्की’ या नावाने विकलं जाणारं पिल्लूही घेऊ नका. पण दिरांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘लहान कुत्री म्हणजे क्रूरता’ एवढ्यावर वाटेला लावणं बरोबर नाही. मी पुण्यात कुत्र्यामांजरांची प्रॅक्टिस करते, छोटी कुत्री रोज टेबलावर येतात, आणि त्यातली कितीतरी चौदा-पंधरा वर्षं ठणठणीत जगलेली पाहिली आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की कुत्रं लहान आहे की नाही हा मुद्दा नाही. ते कोणत्या मार्गाने लहान केलं आणि लहान करणारे कुठे थांबले, हा आहे. विकणारा तुम्हाला पहिली गोष्ट कधीच सांगत नाही आणि दुसरी त्याला ठाऊकच नसते.

लहान असणं हा आजार नाही, इथून सुरुवात करू. 2007 साली ‘आयजीएफ-1’ नावाच्या जनुकाजवळचा एक फरक सापडला. छोट्या जातींच्या कुत्र्यांमध्ये तो जवळजवळ सरसकट दिसतो आणि आकार ठरवण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. 2022 मध्ये पुढचं संशोधन आलं. लहान आकार देणारा हा फरक सैबेरियातल्या 54,000 वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषांतही मिळाला. म्हणजे माणसाने कुत्रा पाळायच्या कितीतरी आधीपासून तो निसर्गात होता, माणसाने फक्त तो निवडला. आयुष्याचं म्हणाल तर सर्वसाधारणपणे छोटी कुत्री मोठ्यांपेक्षा जास्त जगतात. ब्रिटनमध्ये 5 लाख 80 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदींवरचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या कुत्र्यांचं मध्यम आयुर्मान 12.5 वर्षं निघालं आणि मिनिएचर डॅशंडचं 14. तेव्हा दिरांना सांगा, एवढ्यापुरतं त्यांचं खरं आहे.

आता ते जे जुने छोटे प्रकार म्हणतात, ते झाले कसे ते बघा. पूडलमध्ये आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या मानकात, म्हणजे जात कशी असावी याच्या लेखी वर्णनात, चार आकार आहेत. सगळ्यात मोठा खांद्याशी 45 ते 60 सेंटीमीटर, सगळ्यात छोटा, म्हणजे टॉय, 24 ते 28. त्या मानकात टॉयबद्दल स्पष्ट अट आहे: अंगाची सगळी प्रमाणं मोठ्या भावंडांसारखीच हवीत, खुजेपणाची एकही खूण चालणार नाही. डॅशंडचा आकार तर त्या महासंघात उंचीवर ठरतच नाही, छातीच्या घेरावर ठरतो, तोही कुत्रा किमान पंधरा महिन्यांचा झाल्यावर मोजून. कारण हे शिकारी कुत्रं. बिज्जूच्या बिळात शिरणारा मोठा, सशाच्या बिळात शिरणारा छोटा. बिळात अडकते ती छाती. जर्मनीतल्या शेतांवर उंदीर मारायला छोटा श्नाउझर हवा होता, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या लोकांनी मध्यम श्नाउझरमधले छोटे नग घेतले आणि आफेनपिन्शर या छोट्या जातीशी त्यांचा संकर केला. या सगळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. कुत्र्याला काहीतरी काम होतं आणि जो काम करताना धापा टाकतो किंवा लंगडतो तो आपोआप मागे पडत होता.

किंमत त्यांनीही मोजली आहे, ते लपवत नाही. मिनिएचर श्नाउझरच्या रक्तात चरबीचं प्रमाण जन्मजातच वाढण्याची प्रवृत्ती असते आणि त्यामुळे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका इतर कुत्र्यांपेक्षा जास्त. दिवाळीच्या आठवड्यात चकली-शेव खाऊन उलट्या सुरू झालेला श्नाउझर आला की मी आधी पोट दाबून बघते आणि रक्त तपासायला पाठवते. ज्यांच्या घरी हा कुत्रा आहे त्यांनी फराळाचे डबे खरोखरच उंच ठेवावेत.

या वादात दोन वेगळे वाद एकमेकांत मिसळलेले असतात. एक नावाचा, एक तब्येतीचा. नावाचा वाद जुना आहे. शेटलंड बेटांवरच्या छोट्या मेंढपाळी कुत्र्यांना तिथल्या लोकांनी ‘शेटलंड कॉली’ म्हणून नोंदवायला सुरुवात केली तेव्हा मोठ्या कॉलीवाल्यांनी जोरदार हरकत घेतली. शेवटी 1914 मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, तिला ‘शेटलंड शीपडॉग’ या नावाने वेगळी जात मानलं. अमेरिकेत तीच गोष्ट पुन्हा घडली. 1960 च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात काही जणांनी छोटे ऑस्ट्रेलियन शेफर्ड निवडून वाढवायला घेतले. मूळ जातीच्या क्लबांनी ‘आमच्या जातीत छोटा-मोठा असे प्रकार नाहीत’ अशी भूमिका घेतली आणि अखेर ‘मिनिएचर अमेरिकन शेफर्ड’ हे नवं नाव देऊन 2015 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने तिला पूर्ण मान्यता दिली. नर 14 ते 18 इंच, मादी 13 ते 17. हे कुत्रं आजही मेंढ्या हाकतं, उड्या मारतं, तासन्‌तास पळतं. मूळ जातीच्या लोकांना नाव जपायचं होतं, ते मी समजू शकते. पण पशुवैद्य म्हणून माझा या कुत्र्याला आक्षेप नाही. मध्यम आकाराच्या कुत्र्यातून जरा छोटं कुत्रं निवडलं, अंगकाठी प्रमाणात ठेवली, वंशावळी उघड ठेवल्या. कुत्र्याचं काही बिघडलं नाही.

बिघडतं ते खाली खाली जाताना. शरीरातल्या सगळ्या गोष्टी सारख्या प्रमाणात लहान होत नाहीत, आणि बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात.

दात घ्या. ग्रेट डेन असो की दीड किलोचा पॉम, मोठेपणी दात 42. जबडा जितका आक्रसतो तितके दात आक्रसत नाहीत. दाटीवाटी होते, दुधाचे दात पडत नाहीत, त्यांच्या शेजारीच पक्के येतात, मध्ये अन्न अडकतं, तीन-चार वर्षांच्या कुत्र्याच्या हिरड्यांतून पू येतो. खालच्या दाढेची मुळं जबड्याच्या हाडाच्या जवळजवळ तळापर्यंत गेलेली असतात. हिरडीच्या आजाराने तिथलं हाड झिजलं की म्हातारपणी जबडाच मोडतो. दात काढताना तो हातात मोडू नये म्हणून आम्ही आधी एक्स-रे घेतो.

मेंदूही शरीराच्या मानाने कमी लहान होतो. कवटी मात्र लहान होते. म्हणून डोकं घुमटासारखं गोल, डोळे मोठे, बाहेर आलेले. लोकांना हेच गोड दिसतं. अशा पिल्लाच्या डोक्यावरून बोट फिरवलं की पुष्कळदा टाळू लागते, तान्ह्या बाळाची लागते तशी, आणि ती तीन-चार महिन्यांनंतरही भरलेली नसते. टाळू उघडी म्हणजे डोक्यात पाणी झालंच असं नाही, पण तसं झालेल्या पिल्लांमध्ये ती बहुधा उघडी असते, आणि मग फिट्स, गोल गोल फिरणं, काही केल्या शी-शूची जागा न शिकणं हे मागोमाग येतं. कवटीत मेंदूला जागा न पुरल्याने मागचा भाग मानेच्या बाजूला ढकलला जाणं आणि मज्जारज्जूत द्रवाच्या पोकळ्या तयार होणं हा आजार कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये गाजला, पण चिहुआहुआ आणि पॉममध्येही तो आहे. कुत्रं मान खाजवत राहतं, उचलताना ओरडतं, आणि मालक महिनोन्‌महिने त्वचेची औषधं करत राहतात.

हाडांचं एक उदाहरण जरा जवळून सांगते, कारण तुमच्या घरात मुलं आहेत. दीड किलोचा पॉम, सोफ्यावरून उडी मारली, किंचाळला, पुढचा पाय लोंबतोय. एक्स-रेमध्ये मनगटाच्या जरा वर दोन्ही हाडं तुटलेली. त्या जागी मोठ्या हाडाची रुंदी पेन्सिलीपेक्षाही कमी असते. वर मांस जवळजवळ नाही, आणि छोट्या जातींत हाडाच्या त्याच भागाला रक्तपुरवठा मोठ्या कुत्र्यांपेक्षा विरळ असतो. नुसतं प्लास्टर घातलं तर हाड न जुळण्याची शक्यता एवढी असते की आम्ही शक्यतो प्लेट बसवतो. दीड मिलिमीटरचे स्क्रू. स्क्रूसाठी भोक पाडताना हाडाचा पाव-तृतीयांश भाग त्या भोकातच जातो, म्हणून एक भोक चुकलं तर दुसऱ्याला जागा नसते. एवढ्या लहान कुत्र्याच्या अंगात रक्त दर किलोला जेमतेम 85-90 मिलिलीटर, त्यामुळे गॉजचे तुकडे किती भिजले याच्यावरही लक्ष ठेवावं लागतं. अंगही भराभर थंड पडतं. दोन-तीन आठवड्यांनी त्याच कुत्र्याचा दुसरा पाय मोडून येणारी घरंही असतात. सहा वर्षांच्या मुलाच्या हातातून निसटायला किती वेळ लागतो, ते तुम्हीच ठरवा.

साखरेचं तसंच. यकृतात साखरेचा साठा थोडा, अंगावर स्नायू थोडे आणि मेंदूची भूक त्या मानाने मोठी. त्यामुळे चार महिन्यांच्या आतलं खूप छोटं पिल्लू एक जेवण चुकलं, प्रवास झाला, जंत झाले, एवढ्यानेही कोसळतं. सकाळी सासूबाईंना ते फक्त झोपाळू वाटेल. मग तोल जातो, मग झटके. आमच्याकडे येईपर्यंत रक्तातली साखर 30-40 पर्यंत खाली आलेली असते, कधी मशीन नुसतं ‘लो’ दाखवतं.

या सगळ्याच्या जोडीला गुडघ्याची वाटी सरकणं आहे. श्वासनलिका चपटी होऊन तो खरखरीत खोकला येणं आहे, जो ठाण्या-मुंबईच्या दमट उकाड्यात आणखी वाढतो. हे आजार नेहमीच्या आकाराच्या पॉममध्येही दिसतात. पण नेहमीच्या आकारात ते सांभाळता येतात. टीकपमध्ये त्यातले तीन-चार एकाच अंगात गोळा झालेले असतात आणि ऑपरेशन करायला जागाच उरत नाही.

आता तुमच्या त्या सव्वा किलोच्या हमीकडे येऊ. ‘टीकप’ नावाची जात किंवा आकार जगातल्या कुठल्याही मोठ्या केनेल क्लबच्या यादीत नाही. अमेरिकेतही नाही, ब्रिटनमध्येही नाही, आपल्या चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाकडेही (केसीआय) नाही. ‘टीकपचे केसीआय पेपर’ असं कोणी म्हणालं तर तो फक्त पॉमेरेनियनचा पेपर असतो. आणि पॉम हा आधीच लहान करून करून त्याच्या टोकाला आणलेला कुत्रा आहे. राणी व्हिक्टोरियाने 1888 मध्ये फ्लॉरेन्सहून आणलेला तिचा प्रसिद्ध मार्को बारा पौंडांचा होता, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, आणि तेव्हाच्या इंग्लंडमध्ये तो लहानखुरा गणला जायचा. आजचं अमेरिकन मानक तीन ते सात पौंड, म्हणजे 1.4 ते 3.2 किलो. तुम्हाला विकला जाणारा सव्वा किलोचा कुत्रा त्या खालच्या रेषेच्याही खाली येतो. ब्रिटनच्या मानकात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे जी विक्रेते कधी बोलत नाहीत. तिथे नर 1.8 ते 2 किलो आणि मादी 2 ते 2.5 किलो हवी असं लिहिलंय. मादी नरापेक्षा जड. बहुतेक जातींत उलटं असतं. पिल्लं पोटात वाढवायची आणि बाहेर काढायची तर ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यात तेवढी जागा लागते, हे त्यामागचं साधं शरीरशास्त्र आहे.

म्हणून टीकप पिल्लाबद्दल विचारताना मला त्याच्या आईचा प्रश्न पडतो. लहान मादीच्या वेतात पिल्लं कमी, कधी एकच, आणि ते एक पोटात तिच्या मानाने मोठं वाढतं. डोकं अडतं. रात्री दोनला फोन येतो, हिरवं पाणी गेलंय, दोन तास कळा देतेय, काही बाहेर येत नाही. मग सिझेरियन. सव्वा किलोच्या मादीला ती भूल झेपवणं ही आमच्या कामातली सगळ्यात जोखमीची गोष्ट. विकणाऱ्यांपैकी जाणकार असतात ते एवढ्या लहान मादीवर वेत घेतच नाहीत. ते अडीच-तीन किलोच्या मादीला सगळ्यात खुजा नर लावतात आणि वेतातलं सगळ्यात खुरटं पिल्लू ‘टीकप’ म्हणून चढ्या भावाने विकतात. बाकीची भावंडं साध्या भावाने. ज्या पिल्लाची वाढ कदाचित हृदयाच्या किंवा यकृताच्या जन्मजात दोषाने खुंटली आहे, त्यालाच सगळ्यात जास्त किंमत. यकृताला वळसा घालून रक्त जाणारी जन्मजात नस असलेलं पिल्लू असंच असतं: लहान, शांत, मांडीत पडून राहणारं. घरी नेल्यावर जेवणानंतर ते भिंतीकडे बघत उभं राहतं, तेव्हा कुठे कळतं.

आणखी एक प्रकार सर्रास चालतो. पिल्लाचं वय वाढवून सांगायचं. पाच आठवड्यांचं पिल्लू आठ-नऊ आठवड्यांचं म्हणून दाखवलं की ते आपोआप ‘टीकप’ दिसतं, त्यात खाणं कमी ठेवलं तर आणखीच. त्यासाठी तोंड उघडून बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे 28 दात आलेले असतात. अगदी छोट्या जातींत थोडा उशीर होतो, पण मागच्या दाढांचा पत्ताच नाही आणि पिल्लू म्हणे अडीच महिन्यांचं, तर कुणीतरी खोटं बोलतंय. मोठेपणीच्या वजनाची हमी मात्र कोणालाच देता येत नाही. आई-बाप काट्यावर ठेवून बघणं याहून चांगला अंदाज माझ्याकडेही नाही.

प्रमाणात छोटी कुत्री निवडणं हा एक मार्ग, खुरटी पिल्लं निवडत जाणं हा दुसरा; लहान करण्याचा तिसरा मार्ग म्हणजे पाय आखूड करणं. डॅशंडचे आखूड पाय म्हणजे लहान आकार नव्हे, तो वाढीच्या कूर्चेचा बदल आहे. एफजीएफ-4 या जनुकाची एक जादा प्रत 18 व्या गुणसूत्रावर असते, ती पाय आखूड करते, हे 2009 मध्ये कळलं. 2017 मध्ये दुसरी प्रत 12 व्या गुणसूत्रावर सापडली. ती पाय आखूड करण्याबरोबरच मणक्यांमधल्या चकत्या लहान वयात कडक करून टाकते. डॅशंडांपैकी साधारण चारातल्या एकाला आयुष्यात कधीतरी चकती सरकण्याचा त्रास होतो, काहींचे मागचे पाय एका रात्रीत लुळे पडतात. म्हणजे तेच मिनिएचर डॅशंड सरासरी चौदा वर्षं जगतं आणि तेच पाठीच्या दुखण्याचं घर आहे. दोन्ही खरं आहे, आणि ‘जास्त जगतात म्हणजे निरोगी’ असं म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजू विसरू नये. डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंडमधले ब्रीडर, म्हणजे पैदास करणारे, दोन ते चार वर्षांच्या वयात पाठीचे एक्स-रे काढून चुना साठलेल्या चकत्या मोजतात आणि ज्यांच्यात त्या जास्त त्यांच्यावर वेत घेत नाहीत. जात टिकवायची आणि त्रास कमी करायचा याचा हा रस्ता मला सगळ्यात पटतो. आपल्याकडे मी एकाही विक्रेत्याला हे करताना पाहिलेलं नाही. उलट आता आखूड पायाचे ‘मायक्रो बुली’ दिसायला लागलेत, रुंद छाती, चपटं तोंड आणि वाकडे पुढचे पाय. त्यांच्याविषयी फार लिहायला नको, जिना चढताना एकदा बघा.

मिनी हस्कीचं वेगळं आहे. खरोखर छोटी हस्कीसारखी एक जात आहे, अलास्कन क्ली काई. 1970 च्या दशकात अलास्कातल्या वासिला गावी लिंडा स्पर्लिन यांनी हस्कीचा शिपर्की आणि अमेरिकन एस्किमो डॉग या छोट्या जातींशी संकर करून ती घडवली. सर्वांना पिल्लं द्यायला त्या 1988 पर्यंत थांबल्या आणि 1997 मध्ये युनायटेड केनेल क्लबने मान्यता दिली. तिच्यातही रक्त गोठवणाऱ्या सातव्या घटकाची कमतरता आहे, पण तिची जनुकीय तपासणी होते. तुम्हाला जे दाखवलंय ते हे नसण्याचीच दाट शक्यता. बहुतेक वेळा ते हस्कीचंच कमी वयाचं पिल्लू असतं, नाहीतर हस्की आणि पॉम किंवा स्पिट्झ यांचा संकर. संकराची पहिली पिढी साधारण मधल्या आकाराची येते. त्याच पिल्लांना आपसात लावून दुसरी पिढी काढली की एकाच वेतात एक सहा किलोचं आणि एक सोळा किलोचं निघू शकतं. विकणाऱ्याला दोन महिन्यांच्या वयात ते ओळखता येत नाही. आणि छोटा झाला तरी अंगावर केसांचा दुहेरी कोट आणि डोक्यात ओढगाडीच्या कुत्र्याची ऊर्जा, तीही ठाण्याच्या मे महिन्यात. सोसायटीच्या आवारातल्या पंधरा मिनिटांच्या फेरीत ती संपणार नाही, मग सोफा फाडेल, रडेल, शेजारी तक्रार करतील.

जाता जाता हेही सांगते, कारण पुढच्या दुकानात कुणीतरी म्हणेलच: मिनिएचर पिन्शर म्हणजे छोटा केलेला डॉबरमन नव्हे. तो डॉबरमनपेक्षा जुना आहे.

छोट्या जाती करण्याच्या विरोधात एक गंभीर युक्तिवाद आहे जो लोकांना सहज दिसत नाही, तो म्हणजे आटलेलं रक्त. मोठ्या जातीतून छोटी वेगळी काढताना फार थोडी जनावरं निवडली जातात आणि मग तीच तीच एकमेकांना लावली जातात. मिनिएचर बुल टेरियर याचं उदाहरण. तिच्यात डोळ्याचं भिंग जागेवरून निसटण्याचा आनुवंशिक आजार आहे. मध्यमवयात अचानक डोळा लाल होतो, दुखतो, दाब वाढतो आणि वेळेत उपचार नाही झाला तर दृष्टी जाते. 2010 मध्ये त्यामागचा जनुकीय बदल सापडला आणि तपासणी सुरू झाली. दोष असलेल्या प्रत्येक कुत्र्याला बाजूला काढलं तर एवढ्या छोट्या जातीत लावायला कुत्रीच उरणार नाहीत. म्हणून एकच दोषी प्रत असलेल्या कुत्र्याला पूर्ण निर्दोष जोडीदार देतात. पिल्लांत दोन दोषी प्रती येत नाहीत, एक प्रत असलेल्यांना थोडा धोका राहतो, आणि काही पिढ्यांत दोष हळूहळू कमी होतो. म्हणजे शहाणपणाने करणाऱ्याला मार्ग आहे. पण त्यासाठी तपासण्या कराव्या लागतात, निकाल उघड करावे लागतात आणि गरज पडली तर मोठ्या जातीचं रक्त परत आत घ्यावं लागतं. वर्षाला चार वेतं काढून ऑनलाइन फोटो टाकणाऱ्याला यातलं काहीच करायचं नसतं.

कायद्यानेही आता याकडे बघायला सुरुवात केली आहे. जर्मनीच्या प्राणी संरक्षण कायद्यात, ज्या पैदाशीतून संततीला वेदना किंवा विकृती येणार हे आधीच दिसतं, त्या पैदाशीवर बंदी आहे. नॉर्वेत कॅव्हेलियरच्या पैदाशीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2023 मध्ये ती पैदास तिथल्या प्राणी कल्याण कायद्याच्या विरोधात ठरली. न्यायालयाने आकार मोजला नाही, कुत्र्याचा त्रास मोजला. मला ही दिशा योग्य वाटते. आपल्याकडे 2017 चे कुत्रा पैदास आणि विक्रीचे नियम आहेत. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, मादी किमान अठरा महिन्यांची हवी, वर्षातून एकच वेत, आयुष्यात पाचापेक्षा जास्त नाही, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्यावर समोरचा काय बोलतो, एवढंच ऐकलंत तरी पुरे.

मग घ्यावं काय? सहा वर्षांचं मूल आणि वयस्कर सासूबाई असलेल्या घरात मी पाच किलोच्या खालचं कुत्रं सुचवत नाही. आपल्याकडे चाळीत-वाड्यांत वर्षानुवर्षं ज्याला लोक ‘पॉमेरियन’ म्हणत आले तो पांढरा कुत्रा बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतो. पाच ते सात किलोचा, इथल्या हवेला रुळलेला, नाक लांब, दात जागच्या जागी, अंगकाठी धड. हल्ली त्याला कोणी विचारत नाही कारण तो जुना वाटतो. माझ्या मते फ्लॅटमधल्या मराठी घराला याच्याएवढं चांगलं छोटं कुत्रं क्वचितच मिळेल. भुंकतो मात्र, ते आधीच माहीत असू द्या. दुसरा पर्याय, कुणीतरी परदेशी गेलं किंवा घर बदललं म्हणून द्यायला काढलेलं मोठं झालेलं कुत्रं. त्याचं वजन आज दिसतं, स्वभाव आज दिसतो, हमीची गरज नाही. इंडी, म्हणजे आपलं देशी कुत्रं, घेतलंत तर ते पंधरा-वीस किलोचं होईल, पण दोन वेळा नीट फिरवलंत तर फ्लॅटमध्ये मजेत राहतं.

टोकन दिलं असेल तर ते बुडालं तरी चालेल, त्या पैशांत एका पायाचं ऑपरेशनही होत नाही. आणि हे वाचेपर्यंत पिल्लू घरी आलंच असेल, तर त्याला परत पाठवू नका, परत गेलेलं पिल्लू तिथे जगेलच याची खात्री नसते. दिवसातून चार-पाच वेळा खायला द्या, रात्रीचं शेवटचं खाणं चुकवू नका. ग्लुकोज पावडर किंवा मध हाताशी ठेवा. पिल्लू सुस्त वाटलं तर हिरड्यांना बोटाने चोळा, तोंडात ओतू नका, आणि लगेच डॉक्टरांकडे निघा. गळपट्टा नको, अंगपट्टा वापरा. सोफ्याला पायरी करा आणि मुलांना सांगा, त्याला फक्त खाली बसून मांडीवर घ्यायचं, उभ्याने उचलायचं नाही. पहिल्या भेटीत डॉक्टरांना टाळू, हृदय आणि गुडघ्याच्या वाट्या मुद्दाम तपासायला सांगा, सगळ्या लसी एकाच दिवशी न देता अंतराने द्यायला सांगा. मादी असेल तर तिचं वेत कधीही घेऊ नका. नसबंदीच्या किंवा दातांच्या ऑपरेशनआधी मोठ्या कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवू नका. किती तास आधी खाणं बंद करायचं ते वजन सांगून विचारा आणि सकाळचा पहिला नंबर मागून घ्या.